ड्रोनच्या स्टॉलवर जे मांडलं जात नाही: जालन्यातल्या एका हंगामाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवर सरसकट ५ टक्के जीएसटी झाला. त्याआधी कॅमेरा बसवलेल्या ड्रोनला १८ टक्के आणि वैयक्तिक वापराच्या ड्रोनला २८ टक्के लागायचा. तेव्हापासून माझ्या फोनवर जालन्याकडच्या मित्रांचा एकच प्रश्न येतो: "भाऊ, फवारणीचा ड्रोन घ्यावा का? प्रदर्शनात ऑफर चालू आहे."

दिवाळी ते होळी हा आपल्याकडे कृषी प्रदर्शनांचा हंगाम. डिसेंबरात मोशीला 'किसान', जानेवारीत बारामतीला 'कृषिक', आणि मधल्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी-मोठी प्रदर्शनं. जालन्यालाही हे नवीन नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये महा पशुधन एक्स्पो जालन्यातच झाला होता. आता यातल्या कुठल्याही प्रदर्शनात जा, सगळ्यात जास्त मोबाइल वर झालेले दिसतील ते ड्रोनच्या स्टॉलसमोर. सहा पंखांचा ड्रोन, खाली पांढरी टाकी, मागे एलईडी स्क्रीनवर हिरव्यागार शेताचा व्हिडिओ. आपण रील काढतो, ब्रोशर घेतो, व्हॉट्सअ‍ॅप नंबर देतो. दुसऱ्या दिवशी सेल्सवाल्याचा फोन.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. ड्रोन उडवणाऱ्या कंट्रोलरचा कोड वाचणं हा माझ्या आवडीचा भाग आणि ओळखीच्या टीमसोबत स्टॉलवर उभं राहण्याचा अनुभवही थोडाफार आहे. त्यामुळे हा लेख दोघांसाठी आहे: स्टॉलसमोर उभा राहून 'घेऊ का?' असा विचार करणाऱ्यासाठी, आणि पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग संपवून स्वतःचा ड्रोन घेऊन स्टॉल लावू पाहणाऱ्यासाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की स्टॉलवर ड्रोन मांडलेला असतो, पण तुम्ही विकत घेता तो धंदा. आणि त्या धंद्याचा सगळ्यात महागडा भाग टेबलाखालच्या खोक्यात असतो. बॅटरी.

सगळ्यांची टाकी १० लिटरचीच का?

एकदा नीट बघा. स्टॉल कुठल्याही कंपनीचा असो, टाकी बहुतेक वेळा १० लिटरचीच. परदेशातल्या यूट्यूब व्हिडिओत मात्र ४० लिटरचे दिसतात. डीजेआय या चिनी कंपनीचं टी५० मॉडेल फवारणीसाठी ४० किलोचा भार उचलतं. मग आपल्याकडचे इंजिनिअर कमी पडतात का?

नाही, हे गणित नियमातलं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत वजनाचे पाच वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यापुढे लार्ज. हे वजन औषध-पाणी, बॅटरी सगळं धरून. फ्रेम, मोटर, पंप, दोन जड बॅटऱ्या आणि १० लिटर द्रावण एकत्र केलं की काटा २५ च्या जरासा अलीकडे थांबतो. त्यापुढे गेलात की वर्ग बदलतो, पायलटचं प्रशिक्षण बदलतं, प्रमाणपत्र बदलतं. म्हणून आपल्याकडचा जवळजवळ सगळा शेती-ड्रोनचा बाजार या १० लिटरभोवती उभा आहे.

दुसरी गोष्ट, ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा यांना सवलत, पण ती परवानगी घेऊन. सुट्या भागांना मात्र बंदी नाही. त्यामुळे स्टॉलवर 'मेड इन इंडिया' लिहिलेलं असतं तेव्हा मोटर कुठली, ईएससी कुठला, बॅटरीचे सेल कुठले हे वेगवेगळे प्रश्न आहेत. हे काही गंमत म्हणून विचारायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराच्या ४०० ड्रोनचे करार चिनी भागांच्या मुद्द्यावरून रद्द झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. लष्कराची चिंता हेरगिरीची, आपली चिंता साधी: ऐन श्रावणात मोटर जळाली तर ती संभाजीनगरला मिळेल की महिनाभराने शेन्झेनहून येईल?

आता हिशोब

ब्रोशरवर लिहिलेलं असतं, 'एक एकर फक्त ७ मिनिटांत'. हे खोटं नाही. १० लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो आणि हवेत तेवढाच वेळ जातो. पण उतरल्यावर बॅटरी संपलेली असते. म्हणजे एक एकर, एक टाकी, एक बॅटरी सेट. दुसऱ्या एकराला दुसरा सेट.

सेट म्हणजे काय? या वर्गातल्या ड्रोनला सहसा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लागतात. समजा प्रत्येकी २२,००० एमएएच आणि २२.२ व्होल्ट. गुणाकार केला की एकीत ४८८ वॅट-अवर, दोघींत मिळून जवळपास ९७७. सोप्या भाषेत, एक एकर फवारायला सुमारे एक युनिट वीज. तुमच्या फोनच्या ५,००० एमएएचच्या बॅटरीत १९ वॅट-अवरच्या आसपास असतात, म्हणजे एक एकर म्हणजे पन्नासेक फोन पूर्ण चार्ज!

विजेचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. अडचण ती वेळेवर मिळण्याची. शेतीच्या फीडरला थ्री-फेज ठरावीक तासच असते, कधी रात्रीची पाळी. शेतात चार्जिंग करायचं तर जनरेटर न्यावा लागतो. जनरेटर, पाच सेट, चार्जर, पाण्याचे ड्रम आणि ड्रोन हे सगळं मोटरसायकलवर बसत नाही. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप आला.

केंद्र सरकारला हे माहीत आहे, आणि ते कागदावर दिसतं. 'नमो ड्रोन दीदी' योजना २९ नोव्हेंबर २०२३ ला मंजूर झाली. १,२६१ कोटी रुपये, १५,००० महिला बचत गट, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत. या योजनेच्या पॅकेजमध्ये ड्रोनसोबतच्या सेटशिवाय आणखी चार बॅटरी सेट आहेत. वाऱ्याचा वेग मोजायला अ‍ॅनिमोमीटर, पाण्याची आम्लता बघायला पीएच मीटर, जादा पंखे, नोझल, एक वर्षाचा विमा, दोन वर्षांचा देखभाल करार आणि १५ दिवसांचं प्रशिक्षणही त्यात आहे. एवढं सगळं असेल तर दिवसाला २० एकरांपर्यंत काम होईल, असा सरकारचा अंदाज आहे. स्टॉलवर जी 'सुरुवातीची किंमत' सांगतात तिच्यात यातलं किती असतं ते आधी विचारा. एक सेट असेल तर दिवसाला २० एकर विसरा.

चला, धरू या की सगळं घेतलं. खालचे आकडे माझे धरलेले आहेत, तुमच्या तालुक्यातले दर घालून बदला.

फवारणीचा दर एकरी ४०० रुपये. दिवसाला २० एकर. जालन्यात कापूस आणि सोयाबीनच्या फवारण्या जुलै ते सप्टेंबरात दाटलेल्या असतात. पाऊस, वारा, गावचे सण, मोटर बिघडणं वगैरे वजा करून वर्षाला ६० दिवस पक्कं काम मिळालं असं मानू, हे मी उदारपणे मानतोय. १,२०० एकर झाले. हातात ४ लाख ८० हजार आले. एवढा आकडा स्टॉलवर सांगतात, कधी कधी यापेक्षा मोठा.

आता बॅटरी. १,२०० एकर म्हणजे १,२०० वेळा चार्ज. पाच सेटमध्ये वाटले तर प्रत्येक सेट एका वर्षात २४० वेळा रिकामा झाला आणि भरला. अशा बॅटऱ्या जास्त करंट देतात, तापतात, उन्हात राहतात. ३०० सायकल धरल्या तर पहिल्या हंगामातच त्या जवळजवळ संपतात. सेटची किंमत ४०,००० धरा, भागिले ३००, म्हणजे एकरी सुमारे १३३ रुपये नुसते बॅटरीचे. ४०० पैकी एक तृतीयांश! वर्षाला १ लाख ६० हजार.

कर्ज. अनुदानाशिवाय ७ लाख, ११ टक्के, ५ वर्षं. हप्ता महिन्याला १५,२०० च्या आसपास, वर्षाला १ लाख ८३ हजार. हप्ता बारा महिने चालू असतो, काम दोन महिने.

मदतनीस दिवसाला ६०० धरला तर ३६,०००. गाडीचं डिझेल आणि जनरेटरचं पेट्रोल मिळून दिवसाला ८००, म्हणजे ४८,०००.

शेवटी उरले ५३,००० रुपये. वर्षाचे. पायलटची, म्हणजे तुमची, मजुरी अजून धरलेली नाही. विमा आणि दुरुस्ती त्यातूनच. एक धडक झाली, दोन हात आणि तीन मोटर गेल्या की तेही गेले.

हाच हिशोब ८० टक्के अनुदानासह करा. १० लाखांचं पॅकेज, कर्ज फक्त २ लाखांचं, हप्ता वर्षाला ५२ हजारांच्या आसपास. मग हातात १ लाख ८० हजारांच्या वर राहतात. ड्रोन दीदी योजनेत बचत गटाला वर्षाला किमान १ लाख रुपये जादा उत्पन्न मिळावं असं उद्दिष्ट आहे, ते या आकड्यांशी जुळतं. म्हणजे योजना कागदावर बरोबर बसते. घोळ तिथे होतो जिथे प्रदर्शनातला सेल्समन बचत गटाच्या अनुदानावरचा नफा दाखवून, अनुदान न मिळणाऱ्या पोराला ड्रोन विकतो. सबमिशन ऑन अ‍ॅग्रिकल्चरल मेकॅनायझेशन या दुसऱ्या योजनेत कृषी पदवीधराच्या अवजार केंद्राला ५० टक्के म्हणजे ५ लाखांपर्यंत, तर बाकी शेतकऱ्यांना ४० टक्के म्हणजे ४ लाखांपर्यंत असे वेगवेगळे गट आहेत. तुम्ही कुठल्या गटात बसता आणि यंदा त्या गटासाठी तुमच्या जिल्ह्यात लक्ष्यांक शिल्लक आहे का, हे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारायचं. स्टॉलवर नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जड असेल तर ड्रोन कशाला? कारण पर्यायही वाईट आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप, डोक्याच्या वर गेलेली कपाशी, नाकाला रुमाल. ड्रोनमुळे माणूस त्या धुक्यातून बाहेर येतो. शिवाय पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहा. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट बघायची सवय आहे तिथे हे छोटं नाही. म्हणूनच हिशोब नीट व्हायला हवा. हप्ते थकून ड्रोन पत्र्याच्या खोलीत पडला तर त्या मजुराच्या पाठीवर पंप परत येतो.

स्टॉलवर तो उडत का नाही?

प्रदर्शनात बहुतेक ड्रोन टेबलावर बसलेले असतात. लोकांना वाटतं, हे बंद पडलेलं आहे की काय. त्याची कारणं तांत्रिक आहेत आणि मजेशीरही.

पत्र्याच्या किंवा लोखंडी मंडपाखाली जीपीएसचे सिग्नल धड पोचत नाहीत. कंट्रोलरला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. दिशा सांगणारा कंपास आजूबाजूच्या लोखंडाने वेडा होतो. आणि रिमोट बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्याच पट्ट्यात तुमचे-आमचे वाय-फाय, हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ असतात. हजारो फोन असलेल्या हॉलमध्ये २५ किलोचं यंत्र उडवणं म्हणजे यात्रेत बैल मोकळा सोडणं.

मग बाहेरच्या मैदानात उडवा! तिथे नियम येतो. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांपर्यंतच, आणि त्याहून जवळ हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. जालन्यातून स्टॉल घेऊन संभाजीनगरला जाणाऱ्यांनी आधी चिकलठाणा विमानतळाभोवतीचा नकाशा बघावा. दिल्लीचा मोठा भाग तर रेड झोनच आहे.

कॉलेजच्या पोरांसाठी एक मुद्दा महत्त्वाचा. स्वतः बनवलेल्या प्रोटोटाइपला संशोधन म्हणून टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक वगैरेतून सूट आहे, पण ती ग्रीन झोनमध्ये आणि स्वतःच्या आवारात किंवा स्वतःच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. प्रदर्शनातलं गर्दीचं मैदान हे तुमच्या ताब्यातलं आवार नव्हे. तिथे प्रोटोटाइप टेबलावर ठेवा, उडवू नका. व्यावसायिक उड्डाणाला पायलटचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी १८ ते ६५ वय, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. एकदा मिळालं की १० वर्षं चालतं.

आणखी एक. बॅटरी विमानाने नेता येईल असं गृहीत धरू नका. प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी केबिनमध्ये चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या संमतीने. आपली एक बॅटरी ४८८ ची. म्हणजे दिल्लीच्या स्टॉलसाठी बॅटऱ्या रस्त्यानेच, अर्धवट चार्ज ठेवून, टर्मिनल झाकून. शेल स्कीमचा स्टॉल घेतला की तीन भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या आणि बहुधा एक साधा प्लग पॉइंट मिळतो. तीन किलोवॅटचा चार्जर १३ अँपिअर ओढतो. त्या प्लगवर तो लावलात तर शेजारच्या चार स्टॉलचे दिवे जातील आणि ओळखी वेगळ्याच प्रकारे होतील.

'ऑटोनॉमस' या शब्दाबद्दल

ब्रोशरवरचा सगळ्यात स्वस्त शब्द हा आहे. ठरवून दिलेल्या बिंदूंवरून ठरलेल्या उंचीने जाणं, टाकी संपली की परत येणं, पुढच्या वेळी जिथे सोडलं तिथून सुरू करणं, याला ऑटोमॅटिक म्हणायचं. अर्डूपायलटसारख्या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बरीच वर्षं आहे. ऑटोनॉमस म्हणजे समोर काय आलं ते ओळखून स्वतः निर्णय घेणं.

फरक कुठे कळतो? डेमोच्या सपाट शेतात नाहीच कळत. तो कळतो घनसावंगीकडच्या एखाद्या वावरात, जिथे बांधावर बाभूळ आहे, मधून विहिरीच्या मोटरची सर्व्हिस वायर झोल खात गेली आहे आणि कोपऱ्यात शेततळ्याचा उंचवटा आहे. बाभूळ रडारला दिसते. उंचवटाही खाली बघणाऱ्या सेन्सरला कळतो. बारीक वायर मात्र भल्याभल्या सेन्सरना दिसत नाही. म्हणून स्टॉलवर विचारायचा प्रश्न: "अडथळा ओळखतो का?" असा नको. त्याला उत्तर 'हो' असंच येणार. "वायर दिसते का, आणि दिसली नाही तर तुटलेल्या ड्रोनचा विमा मिळतो का?" असं विचारा. उत्तर द्यायला लागलेला वेळ मोजा.

मग चांगल्या स्टॉलवर काय असावं? न उडवता दाखवण्यासारखं खूप असतं. पाण्याला संवेदनशील पिवळा कागद मिळतो, थेंब पडला की तिथे निळा डाग पडतो. खरोखरच्या कपाशीच्या झाडाला वरच्या, मधल्या आणि खालच्या पानांवर, पानाच्या वर आणि खाली असे कागद लावून एकदा फवारायचं आणि ते कागद तारीख लिहून स्टॉलवर टांगायचे. औषध कुठपर्यंत पोचतं हे शेतकऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं. मोसंबीसाठी तर हे हवंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिचा घेर दाट असतो. कपाशीवर चालणारा ड्रोन मोसंबीच्या आतल्या पानापर्यंत पोचेलच असं नाही. त्याशिवाय एका वापरलेल्या बॅटरीची सायकलची नोंद, सुट्या भागांचं दरपत्रक आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरचं अंतर किलोमीटरमध्ये. एवढं लावलेला स्टॉल मला दिसला तर मी स्वतः त्याची रील काढीन.

वारा, तुती आणि पोलीस

दहा लिटरमध्ये एकराचं औषध म्हणजे द्रावण घट्ट. थेंब बारीक, वरून पंख्यांचा झोत. पिकापासून साधारण दीड ते अडीच मीटरवर उडायचं ते यासाठीच. वारा वाढला तर तो थेंब शेजारी जातो. आपल्याकडे शेजारी काय असतं? जालना बाजार समितीत एप्रिल २०१८ मध्ये राज्यातली पहिली रेशीम कोष बाजारपेठ सुरू झाली, तेव्हापासून जिल्ह्यात तुती हे अनेक घरांचं नगदी पीक झालं. रेशीम अळी कीटकनाशकाच्या बाबतीत फार नाजूक. कपाशीवरचं औषध शेजारच्या तुतीच्या पानावर बसलं आणि तो पाला अळ्यांना घातला, तर पूर्ण बॅच हातची जाऊ शकते. ती भरपाई कोण देणार? ड्रोनवाला, शेतमालक की औषध कंपनी? ड्रोनचा विमा घेताना दुसऱ्याच्या पिकाचं नुकसान त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचा. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये पीकनिहाय ड्रोन फवारणीच्या कार्यपद्धती दिल्या आहेत, त्यात कापूस, सोयाबीन, तूर आहेत. खरपुडी किंवा बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन त्यावर बोलता येतं.

दुसरी गोष्ट जालन्याची खास. जुलै २०२४ च्या सुरुवातीला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षण आंदोलनाच्या गावात, रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याची तक्रार झाली आणि विषय थेट विधानसभेत गेला. त्या पावसाळ्यात राज्यातल्या इतरही गावांतून रात्रीच्या ड्रोनच्या बातम्या येत होत्या. लोक काठ्या घेऊन जागत होते. अशा जिल्ह्यात तुम्ही सकाळी सहाला, वारा कमी म्हणून, ड्रोन उडवणार. आदल्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि गावचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांना वेळ आणि गट नंबर सांगून ठेवा. ड्रोनवर नोंदणी क्रमांक दिसेल असा लिहा.

आणि कायदाही बदलू पाहतोय. सध्याच्या नियमांत दंड १ लाखापर्यंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी ठेवला, त्यात काही उल्लंघनांना तुरुंगवासाची आणि सक्तीच्या विम्याची तरतूद सुचवली आहे. ड्रोन उद्योगातून त्याला विरोध झाला. माझं मत, दुसऱ्याला इजा झाली तर विमा हवाच, पण नोंदणीतल्या चुकीसाठी गावातल्या पायलटला गुन्हेगार ठरवणं जास्तीचं आहे. २०२१ मध्ये २५ फॉर्मचे ५ करून जे मोकळं केलं, ते मागच्या दाराने परत बांधल्यासारखं होईल.

ऑर्डर द्यायचीच असेल तर शेवटचा मुद्दा तारखेचा. प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत, ऑफर 'आज बुक केलं तर'. वॉरंटी एक वर्ष, विमा एक वर्ष, आणि दोन्हींची मोजणी बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून. जानेवारीत घेतलेला ड्रोन जुलैत पहिल्यांदा शेतात उतरतो तेव्हा अर्धी वॉरंटी खोलीत बसून संपलेली असते, आणि बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून ठेवल्या असतील तर त्यांचंही आयुष्य घटलेलं असतं. थोडी रक्कम देऊन भाव पक्का करा, डिलिव्हरी आणि बिल जूनच्या पहिल्या आठवड्यातलं मागा, आणि हे ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्या.